मुलाच्या डोळ्याच्या पडद्यावर गाठ दिसली, तर निदान कोणत्या क्रमाने करायचे

मुलाच्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, गाठ दिसते आहे असे कळले की आईवडिलांच्या कानात पुढचे काही शिरत नाही. घरी परतताना मोबाइलवर शोधाशोध सुरू होते आणि पहिला शब्द समोर येतो तो कर्करोग. पडद्यावरची प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. काही गाठी जन्मापासूनच्या असतात आणि आयुष्यभर तशाच पडून राहतात. मात्र ‘गाठ साधी आहे’ असे म्हणण्याआधी ठरावीक क्रमाने तपासावे लागते. तसे म्हटल्यावरही काम संपत नाही, कारण यातल्या बऱ्याच गाठी मुलाला एखादा मोठा आजार असल्याचे सांगत असतात, आणि तो आजार मेंदूत, मूत्रपिंडात किंवा घरातल्या दुसऱ्याच कुणात दडलेला असतो. म्हणून डोळा बघताना अख्खे मूल बघायचे, आणि जमल्यास अख्खे घर.

हा क्रम पालकांना समजावा आणि फॅमिली डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ, नव्याने काम सुरू केलेले नेत्रतज्ज्ञ यांनाही हाताशी राहावा, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

संशय कधी घ्यायचा

साध्या गाठींपैकी बऱ्याच काहीच त्रास देत नाहीत आणि दुसऱ्या कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडतात. लक्षणे दिसलीच तर ती तीन असतात: बाहुलीत पांढरी चमक, तिरळेपणा आणि एका डोळ्याने कमी दिसणे.

पांढरी चमक बहुतेकदा फ्लॅशने काढलेल्या फोटोत सापडते. एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसरीची पांढरी. इथे एक गफलत होऊ शकते. डोळा नाकाच्या बाजूला साधारण १५ अंश वळलेला असताना फ्लॅशचा उजेड नेमका दृष्टिचेतेच्या, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या, तोंडावर पडतो. तो भाग मुळातच फिकट असल्याने निरोगी डोळाही फोटोत पांढरा दिसतो. मूल कॅमेऱ्याकडे सरळ बघत असताना काढलेल्या फोटोंतही तोच डोळा पांढरा दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. तरी घरच्या घरी निकाल लावत बसू नये. फोटो डिलीट न करता काही दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञांना दाखवावा.

पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाचा डोळा अधूनमधून तिरका होणे चालते. त्यानंतरही डोळा तिरळा राहत असेल तर तपासणी हवीच. तिरळे मूल नशीबवान म्हणत कितीतरी घरांत दोन-दोन वर्षे निघून जातात, आणि त्या काळात त्या डोळ्याची नजर शिकायची राहून जाते.

घरी करण्यासारखी एक सोपी परीक्षा आहे. मूल खेळण्याकडे टक लावून बघत असताना तळहाताने आधी एक डोळा झाका, मग दुसरा. एका बाजूला मूल शांत राहते आणि दुसऱ्या बाजूला दर वेळी हात झटकते, रडते, मान वळवते, असे झाले तर झाकलेला डोळा चांगला आणि उघडा कमकुवत असण्याची शक्यता आहे.

बालरोगतज्ज्ञांना एकच विनंती: लसीकरणाच्या भेटीत अंधाऱ्या खोलीत ऑफ्थॅल्मोस्कोपने दोन्ही बाहुल्यांतला लाल प्रकाश एकदा बघावा. अर्धा मिनिट पुरते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि शाळेत मुले तपासतात. दृष्टिदोषाचा संशय आला तर त्यांच्यामार्फत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवणी होऊ शकते. गावाकडच्या कुटुंबाने अंगणवाडीताईंना विचारले तरी रस्ता सापडतो.

डोळ्यात बघण्याआधी विचारायचे प्रश्न

बाळ पुऱ्या दिवसांचे होते का, वजन किती होते, काचेच्या पेटीत ठेवले होते का? कमी दिवसांच्या बाळाच्या पडद्याचा आजार गाठीची नक्कल करू शकतो. घरात कुत्र्याची पिल्ले आहेत का? पिल्लांच्या विष्ठेतल्या जंतांमुळे मुलाच्या पडद्यावर पांढरा गोळा तयार होऊ शकतो. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात काही दिसल्याचे कुणी सांगितले होते का? हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत आणि पालकही आपणहून सांगत नाहीत. ‘हृदयात छोटी गाठ होती, पण नंतर ती बारीक झाली, म्हणून आम्ही ती फाइल आणलीच नाही’, या एका वाक्याने निदानाची दिशा बदलते, कारण हृदयातली अशी गाठ पुढे येणाऱ्या ट्यूबरस स्क्लेरोसिस या आजाराची खूण असू शकते. ती फाइल मागवून घ्यावी.

घराण्याबद्दल विचारताना ‘कुणाला डोळ्याचा आजार आहे का’ एवढ्यावर थांबू नये. त्या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येते. कुणाचा डोळा लहानपणी काढावा लागला होता का? कुणाला आकडी येते का? मूत्रपिंडाची, मेंदूची किंवा मणक्याची गाठ? तरुणपणी एकाएकी कुणी गेले का? आतड्याचा कर्करोग? दोन्ही कानांनी ऐकू न येणे? आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांनाही विचारावे. आत्याच्या किंवा चुलत आजोबांच्या आजाराची आठवण आईवडिलांना नसते, आजीला असते.

दोन्ही डोळे, कडेपर्यंत

बाहुली मोठी करणारे थेंब घातल्याशिवाय पडद्याची तपासणी पूर्ण होत नाही. ट्रॉपिकामाइड, सायक्लोपेंटोलेट ही नेहमीची औषधे. तान्ह्या बाळांना ती कमी तीव्रतेची देतात. थेंबांनंतर थोडा वेळ तोंड लालसर होऊ शकते आणि दिवसभर उजेड खुपतो, त्यासाठी टोपी सोबत न्यावी.

अगदी लहान बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून, डोळे चिमट्याने उघडे ठेवून तपासता येते. डॉक्टरांच्या डोक्यावर दिवा असतो आणि हातात २० किंवा २८ डायॉप्टरचे भिंग. बाळ रडते, पण इजा होत नाही. वर्ष-दोन वर्षांचे मूल असे धरून ठेवता येत नाही, आणि धरले तरी पडद्याची कड दिसत नाही. गाठीचा संशय असेल तर भूल देऊन तपासणी हाच योग्य मार्ग. पालकांना भुलेची भीती वाटते, ते साहजिक आहे. पण अर्धवट तपासणीवरून ‘बाकी सगळे ठीक’ असे म्हणणे मला त्याहून धोक्याचे वाटते.

भुलेआधी उपाशी ठेवण्याचा सर्वसाधारण नियम असा: जेवण किंवा वरचे दूध सहा तास आधी बंद, आईचे दूध चार तास आधी, स्वच्छ पाणी दोन तास आधी. अंतिम वेळा भूलतज्ज्ञच सांगतील. सर्दी, खोकला, ताप असेल तर लपवू नये, तारीख पुढे ढकलता येते. एमआरआयची गरज पडणार हे आधीच दिसत असेल तर दोन्ही गोष्टी एकाच भुलेत उरकता येतील का, हे विचारावे. मोठ्या रुग्णालयांत पुष्कळदा जमते.

भूल दिल्यावर डोळ्याचा दाब मोजतात, बुबुळाचा व्यास मोजतात, मग बोथट उपकरणाने डोळा बाहेरून हलका दाबत पडद्याची कड गोलाकार तपासतात. वाइड-फील्ड कॅमेऱ्याने फोटो घेतात. हे फोटो पुढच्या सगळ्या निर्णयांचा पाया असतात, त्यामुळे त्यांची प्रत पालकांकडे असलीच पाहिजे. आणि दुसरा, बरा वाटणारा डोळा तितक्याच बारकाईने बघायचा. निदानाचा दुवा कधी कधी तिथेच असतो.

पहिला प्रश्न: हा रेटिनोब्लास्टोमा आहे का?

गाठीला नाव देण्याची घाई करू नये. आधी हा एक प्रश्न निकालात काढायचा. रेटिनोब्लास्टोमा हा लहान मुलांच्या पडद्याचा कर्करोग साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळात होतो, बहुतांशी पाच वर्षांच्या आत. वेळेवर उपचार झाले तर जीव वाचतोच, अनेकदा डोळाही वाचतो. उशीर झाला तर दोन्ही धोक्यात येतात.

त्याची गाठ खडूसारखी पांढरी दिसते. तिच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या आणि वेड्यावाकड्या असतात. आजूबाजूचा पडदा उचललेला असू शकतो, आणि डोळ्यातल्या काचद्रवात पेशींचे पांढरे कण तरंगताना दिसू शकतात. सगळ्यात मोठी खूण म्हणजे वाढ: काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन फोटोंत फरक दिसतो.

गाठ अगदी लहान असेल तर अनुभवी डोळ्यालाही पहिल्या भेटीत सांगता येत नाही. अशा वेळी दोन ते चार आठवड्यांत पुन्हा भूल देऊन तपासणे आणि जुने-नवे फोटो शेजारी ठेवून बघणे हे उत्तम वैद्यक आहे. ‘डॉक्टरांनाच कळत नाही’ असे समजून मध्येच दवाखाना बदलू नका. बदलायचाच असेल तर फोटो आणि सोनोग्राफीची सीडी सोबत न्या. शंका उरली तर मुलांच्या डोळ्यांच्या गाठींचे काम रोज करणाऱ्या केंद्राचे मत घ्यावे. हैदराबादचे एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थान, चेन्नईचे शंकर नेत्रालय, दिल्लीच्या एम्समधले डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्र केंद्र आणि मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय ही त्यातली जुनी नावे.

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना. शरीरात इतरत्र गाठ आली की सुईने तुकडा काढून तपासतात. मुलाच्या डोळ्यात रेटिनोब्लास्टोमाची शंका असताना सुई घालायची नाही. सुईच्या वाटेने कर्करोगाच्या पेशी डोळ्याबाहेर पडू शकतात, आणि डोळ्यापुरता असलेला आजार शरीरात पसरू शकतो. कुणी ‘एकदा सुईने बघून घेऊ’ म्हणाले, तर थांबा आणि दुसरे मत घ्या. इथे निदान डोळ्यांनी, प्रतिमांनी आणि काळाने होते.

यंत्रे काय सांगतात

सोनोग्राफीत मिटलेल्या पापणीवर जेल लावून लहानसा प्रोब ठेवतात. पडद्यावर गाठ उजळ दिसते. मग तंत्रज्ञ यंत्राची तीव्रता हळूहळू कमी करतो. बाकीचा डोळा काळवंडत जातो, आणि गाठीत कॅल्शियम असेल तर तेवढे ठिपके मात्र लखलखत राहतात, त्यांच्यामागे सावली पडते. हे दृश्य बघून कॅल्शियम म्हणजे रेटिनोब्लास्टोमा असे समीकरण मांडायचा मोह होतो. पण कॅल्शियम अॅस्ट्रोसायटिक हॅमार्टोमा या साध्या गाठीतही असते, दृष्टिचेतेच्या तोंडावरच्या ड्रूसेन नावाच्या निरुपद्रवी साठ्यांमध्येही असते. कॅल्शियमवर एकट्याने निकाल देता येत नाही.

ओसीटी या प्रकाशाने केलेल्या स्कॅनमध्ये पडद्याचे थर उभ्या छेदात दिसतात. गाठ कोणत्या थरातून निघाली हा प्रश्न इथे सुटतो. अॅस्ट्रोसायटिक हॅमार्टोमा सर्वांत आतल्या, म्हणजे मज्जातंतूंच्या थरात असतो, खालचे थर बऱ्यापैकी शाबूत राहतात, आणि गाठीत कसर लागल्यासारख्या पोकळ्या दिसतात. रेटिनोब्लास्टोमाची बारीक गाठ मधल्या थरांत सुरू होते. शांत बसणाऱ्या मोठ्या मुलात ही तपासणी पाच मिनिटांत होते. तान्ह्या बाळासाठी हातात धरायचे यंत्र लागते, आणि ते सगळीकडे नसते.

अँजिओग्राफीत शिरेतून फ्लोरेसिन नावाचा पिवळा रंग देऊन पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो घेतात. नंतर दिवसभर मुलाची लघवी गर्द पिवळी होते, त्वचाही थोडी पिवळसर दिसते. कावीळ झाली असे समजून घाबरू नये.

सीटी स्कॅनमध्ये कॅल्शियम स्पष्ट दिसते, म्हणून पूर्वी तो सर्रास करत. आता टाळतात. आरबी१ या रेटिनोब्लास्टोमाच्या जनुकात जन्मजात दोष असलेल्या मुलात किरणोत्सर्गामुळे पुढे दुसरे कर्करोग होण्याचा धोका वाढतो. मेंदू आणि डोळे बघायला एमआरआय घ्यावा.

गाठीला नाव देणे

साध्या गाठींत मुलांमध्ये सर्वांत जास्त विचार करावा लागतो तो अॅस्ट्रोसायटिक हॅमार्टोमाचा. त्याचे ट्यूबरस स्क्लेरोसिस या आजाराशी जवळचे नाते आहे; या जनुकीय आजारात मेंदू, त्वचा, हृदय, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांत साध्या गाठी येतात. हा आजार साधारण सहा हजार जन्मांमागे एकाला होतो, आणि अशा जवळपास निम्म्या रुग्णांच्या पडद्यावर ही गाठ सापडते. डच नेत्रतज्ज्ञ यान व्हान डेर हूवे यांनी हे नाते १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडले.

या गाठीची तीन रूपे आहेत. लहान मुलांत नेहमी दिसणारे रूप सपाट, करडे-पांढरट आणि अर्धपारदर्शक असते. रक्तवाहिनीवर धुक्याचा पट्टा असावा तसा भाग दिसतो, आणि नजर सरावाची नसेल तर तो सुटून जातो. दुसरे रूप उंच, पिवळसर, चमकदार, कॅल्शियमने भरलेले, शिजलेल्या साबुदाण्याचे दाणे एकत्र चिकटावेत तसे. पाश्चात्त्य पुस्तकांत त्याला तुतीची उपमा देतात. तिसऱ्यात मध्यभाग दाणेदार आणि कड सपाट. रेटिनोब्लास्टोमाचे कॅल्शियम पांढरेफटक असते, याचे पिवळसर झाक असलेले, आणि याच्या रक्तवाहिन्या सहसा फुगलेल्या नसतात. मज्जातंतूंवर जन्मतःच पांढरे आवरण असणे, हा निरुपद्रवी प्रकारही याच्याशी गल्लत करायला लावतो. त्याची कड पिसासारखी फाटलेली असते, तेवढे लक्षात ठेवले की पुरते.

लालसर-नारिंगी गोल गाठ, तिच्याकडे जाणारी एक फुगलेली धमनी आणि तिच्यातून परतणारी तितकीच फुगलेली शीर, असे दिसले तर ती रेटिनल हिमँजिओब्लास्टोमा. फ्लोरेसिन रंग तिच्यात झटकन भरतो आणि गळतो. मुलात ती सापडली की व्हॉन हिप्पेल-लिंडाऊ (डोळे, मेंदू, मणका, मूत्रपिंड यांत गाठी आणणारा आनुवंशिक आजार) गृहीत धरून शोध घ्यायचा. इथे एक धोका पालकांनाही माहीत असावा: या आजारात मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत रक्तदाब अचानक वाढवणारी गाठ असू शकते. म्हणून भूल देण्याआधी ही शंका भूलतज्ज्ञांच्या कानावर घालून रक्तदाब आणि मेटानेफ्रिनची (अशी गाठ रक्तात किंवा लघवीत सोडत असलेल्या द्रव्याची) तपासणी करून घ्यावी. गाठ बारीक असताना लेझरने छान आटोक्यात येते, वाढून पडदा सुटू लागला की काम अवघड होते.

गर्द जांभळ्या फुगवट्यांचा द्राक्षांसारखा घड, आणि त्याला पोसणारी मोठी धमनी नाही: ही कॅव्हर्नस हिमँजिओमा. अँजिओग्राफीत प्रत्येक फुगवट्यात वर रंग आणि खाली रक्तपेशी असे दोन भाग दिसतात. मेंदूत अशाच गाठी असू शकतात, म्हणून मेंदूचा एमआरआय.

कंबाइंड हॅमार्टोमात पडदा करडा, जाडसर आणि आक्रसलेला दिसतो, रक्तवाहिन्या नागमोडी ओढल्या जातात. मूल तिरळेपणा किंवा कमी नजर घेऊन येते. ओसीटीत पडद्याला करवतीच्या दात्यांसारख्या घड्या असतात. हे बदल दोन्ही डोळ्यांत असतील किंवा मूल फार लहान असेल, तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप २ या, दोन्ही कानांच्या नसांवर गाठी आणणाऱ्या जनुकीय आजाराची शक्यता तपासावी.

सपाट, काळा, रेखीव कडेचा एकच डाग बहुधा जन्मजात आणि निरुपद्रवी असतो. नोंद करून ठेवली की झाले. डाग दोन्ही डोळ्यांत अनेक, लांबट आणि शेपटीसारखी फिकट कड असलेले असतील, तर घराण्यात आतड्याच्या पॉलिपचा (मांसल कोंबांचा) आणि कर्करोगाचा आजार आहे का ते बघायचे. तो असेल तर दहा-बारा वर्षांच्या वयापासून दुर्बिणीने आतडे तपासत राहावे लागते.

राहिली रेटिनोमा. हिला रेटिनोसायटोमाही म्हणतात. दिसायला शांत: अर्धपारदर्शक करडी गाठ, आत कॅल्शियमचे तुकडे, भोवती पडद्याचा झिजलेला पट्टा. ती साध्या गाठींत गणली जाते, पण तिचे मूळ रेटिनोब्लास्टोमाच्याच जनुकात आहे आणि क्वचित ती पुढे कर्करोगात बदलते. कधी ती मुलात नाही, तर मुलाच्या वडिलांच्या डोळ्यात सापडते. त्यांना आयुष्यभर त्याची कल्पना नसते. म्हणून मुलात रेटिनोब्लास्टोमा आढळला की आईवडिलांचेही पडदे थेंब घालून तपासायचे.

अॅस्ट्रोसायटिक हॅमार्टोमा सापडला, आता मुलाला बघा

या टप्प्यावर नेत्रतज्ज्ञाने भिंग खाली ठेवून मुलाचे कपडे काढायला सांगावेत. पाठ, पोट, मांड्या, पाय. त्वचेवर कमीत कमी ५ मिलिमीटरचे फिकट पांढरे डाग मोजावेत. गोऱ्या बाळात ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, अंधाऱ्या खोलीत वुड्स लॅम्पच्या निळसर उजेडात उठून दिसतात. घरी अशा डागांना कोड समजून लपवलेले असते, कधी मलमेही लावून झालेली असतात. हे कोड नव्हे, हे स्पष्ट सांगितले की आईच्या चेहऱ्यावरचा ताण तिथल्या तिथे उतरतो. असे तीन किंवा अधिक डाग हा ट्यूबरस स्क्लेरोसिसचा एक मुख्य निकष आहे. पडद्यावर एकाहून अधिक हॅमार्टोमा हा दुसरा. दोन मुख्य निकष जुळले की निदान निश्चित होते. डोळा आणि त्वचा मिळून, महागड्या तपासणीआधीच, इतक्या लांब नेऊ शकतात. एकच गाठ असेल तर मात्र तो मुख्य निकष धरत नाहीत, आणि बाकी काहीही नसलेल्या मुलातही एखादी गाठ असू शकते.

कमरेवर खरखरीत जाड चट्टा आहे का, कपाळावर उंचवटा आहे का हेही बघावे. नाक आणि गालांवरचे लालसर बारीक उंचवटे थोडे मोठे झाल्यावर येतात आणि पुष्कळदा मुरमे समजली जातात. मग आईवडिलांचे चेहरे आणि नखे बघावीत. नखाच्या कडेला मांसल कोंब, गालांवर वर्षानुवर्षे न गेलेली ‘मुरमे’, एवढ्यावरून वडिलांनाही हाच आजार सौम्य रूपात असल्याचे कळू शकते.

आता मेंदू. बाळाला झटके येतात का, असे विचारले की पालक हातपाय आखडणारी, तोंडाला फेस येणारी आकडी डोळ्यासमोर आणतात आणि नाही म्हणतात. ट्यूबरस स्क्लेरोसिसमधले पहिल्या वर्षातले झटके तसे नसतात. बाळ झोपेतून उठल्यावर एकाएकी मान खाली टाकते, हात पसरते किंवा पोटाशी दुमडते, क्षणभर थांबते, पुन्हा तेच. असे पाच-दहा-वीस वेळा ओळीने. घरचे म्हणतात दचकले, किंवा पोटात गॅस धरला. ग्राइप वॉटर देण्यात मोलाचे आठवडे जातात. या झटक्यांचा मेंदूच्या वाढीवर घाव बसतो, म्हणून शंका आली की मोबाइलवर व्हिडिओ काढावा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ किंवा बाल-मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावा. मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी, म्हणजे ईईजी, लगेच व्हायला हवा.

बाकीच्या तपासण्या अशा: मेंदूचा एमआरआय, हृदयाचा इको आणि ईसीजी, मूत्रपिंडांची प्रतिमा, रक्तदाब. यांतल्या प्रत्येकीचा उद्देश पालकांना समजावून सांगावा. नाही तर ‘डोळ्याच्या डॉक्टरांनी किडनीची सोनोग्राफी का सांगितली’ म्हणून कागद घरीच पडून राहतो.

जनुक तपासणी

रक्ताच्या नमुन्यावरून ट्यूबरस स्क्लेरोसिससाठी टीएससी१ आणि टीएससी२, हिमँजिओब्लास्टोमासाठी व्हीएचएल, रेटिनोमासाठी आरबी१, अशी गाठीप्रमाणे जनुके तपासतात. तपासणीआधी आणि नंतर जनुकसल्लागाराशी बोलणे हवे. ट्यूबरस स्क्लेरोसिसमध्ये सुमारे दोन तृतीयांश मुलांत दोष नव्यानेच झालेला असतो, आईवडिलांकडून आलेला नसतो. दहा ते पंधरा टक्के रुग्णांत नेहमीच्या तपासणीत दोष सापडतच नाही, म्हणून अहवाल ‘नॉर्मल’ आला तरी निकषांवर केलेले निदान खोडले जात नाही. आईवडील दोघेही निर्दोष असले तरी पुढच्या बाळाचा धोका शून्य नसतो, एक-दोन टक्के धरतात. पुढच्या गरोदरपणाचा विचार असेल तर हे सगळे आधी बोलून घ्यावे.

इथे एक गोष्ट मी प्रत्येक कुटुंबाला आवर्जून सांगते, सासू-सासरे समोर असतील तर त्यांच्यासमोर सांगते. ग्रहणात आईने काही कापले म्हणून हे झालेले नाही. तिच्या खाण्यापिण्याने झालेले नाही. नात्यातल्या लग्नामुळेही झालेले नाही. जनुकातला बदल कुणाच्या वागण्याची शिक्षा नसतो, आणि उपचाराची सगळी धावपळ जी आई करणार आहे तिच्या माथी दोष मारून मुलाचे काहीच भले होत नाही.

निदानानंतरची वर्षे

अॅस्ट्रोसायटिक हॅमार्टोमा बहुतेक वेळा उपचाराशिवाय तसाच राहतो. दरवर्षी फोटो काढून मागच्याशी ताडून बघणे पुरते, सुरुवातीला थोडे लवकर. क्वचित गाठ वाढते, पाणी गळते, पडदा उचलला जातो. तेव्हा इंजेक्शन, लेझर किंवा सिरोलिमस-एव्हरोलिमस या गाठींची वाढ रोखणाऱ्या गटातल्या औषधांचा विचार होतो. हिमँजिओब्लास्टोमाचे तसे नाही. व्हॉन हिप्पेल-लिंडाऊ असलेल्या घरातल्या मुलांचे पडदे पहिल्या वर्षापासून दरवर्षी तपासावे लागतात, कारण नवी गाठ कधीही उगवू शकते.

गाठीच्या गडबडीत नजरेचा विसर पडतो. गाठ साधी असली तरी तिच्यामुळे किंवा चष्म्याच्या मोठ्या नंबरामुळे तो डोळा आळशी होऊ शकतो. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, हे उपचार लहान वयातच उपयोगी पडतात. पडदा फारसा बिघडलेला नसेल तर पट्टीने मिळणारी नजर अनपेक्षितपणे चांगली असते, म्हणून मनापासून प्रयत्न करावा.

झटक्यांसाठी व्हिगाबॅट्रिन सुरू असेल तर ते डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगावे. ट्यूबरस स्क्लेरोसिसच्या झटक्यांवर ते पहिल्या पसंतीचे औषध आहे, पण कडेची नजर कमी करू शकते. मनाने बंद करू नये. मूल मोठे असेल तर दृष्टिक्षेत्राची, लहान असेल तर ईआरजीची (पडद्याच्या विद्युत प्रतिसादाची) तपासणी ठरलेल्या अंतराने करून घ्यावी.

एका फाइलमध्ये पडद्याचे फोटो, सोनोग्राफी आणि एमआरआयच्या सीडी, जनुक अहवाल, गरोदरपणातली सोनोग्राफी आणि औषधांची यादी ठेवा. मोबाइलमध्येही प्रती ठेवा, कारण मूळ कागद हरवतात.

पुढची तारीख दूर असली तरी वाट न बघता दाखवायला न्यावे अशी कारणे: बाहुलीत नव्याने पांढरी चमक, नव्याने आलेला तिरळेपणा, डोळा लाल होऊन दुखणे किंवा मोठा दिसू लागणे, वस्तूंना धडकणे. सकाळी उठल्याउठल्या डोके दुखून उलट्या होत असतील किंवा झटके वाढले असतील, तर आधी मेंदूविकारतज्ज्ञ आणि मग डोळे. ट्यूबरस स्क्लेरोसिसमध्ये मेंदूतल्या पाण्याचा मार्ग अडवणारी गाठ वाढू शकते, आणि तिच्यासाठी एका दिवसाचाही उशीर करू नये.